नदीतलं देऊळ

आमच्या गावी कुणी पाहुणा आला की मांजरा नदी दाखवायचं काम माझ्याकडे असतं. मी इथल्याच शाळेत शिकवतो. आधी गढी, मग घाट आणि शेवटी नदीतलं महादेवाचं देऊळ. ते पात्राच्या मधोमध खडकावर आहे. पाणी कमी असलं की दगडांवर पाय ठेवत तिथवर जाता येतं.

दसऱ्याच्या सुट्टीत उदगीरहून अक्का आणि दाजी आले. दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पण देऊळ बघायची हौस त्यांनाच जास्त. ऊन स्वच्छ पडलं होतं. ते दोघं चपला काढत होते, तेवढ्यात घाटावर तळलेले मासे विकणाऱ्या म्हातारीनं मला खुणेनं बाजूला बोलावलं. ती आपली चूल दोन पायऱ्या वर नेत होती.

"गुरुजी, आज नगा जाऊ."

"का?"

तिनं काठाला रोवलेली बाभळीची काडी दाखवली. तिचा फक्त शेंडा पाण्याबाहेर होता. "सकाळी कोरडीत व्हती."

"मावशी, वर कुठंच पाऊस नाही."

"पाऊस न्हाई. पर पाणी चढून राहिलं."

पलीकडून दाजींनी हाक मारली. दोन वर्षं फोनवर मीच त्यांना या देवळाचं कौतुक ऐकवत होतो. अर्ध्या तासात परत येऊ असं मनाशी म्हणालो आणि त्या दोघांना काही सांगितलं नाही.

देवळात गार होतं. अक्कानं बेल वाहिला. दाजी खांबांवरची नक्षी बोटानं चाचपत होते. मला मात्र काहीतरी खटकत होतं, आणि काय ते कळायला वेळ लागला. दगडांमधून वाहणाऱ्या पाण्याचा खळखळाट तिथं कायम ऐकू येतो. तो थांबला होता.

बाहेर येऊन पाहिलं तर वाटेतले दगड दिसत नव्हते. त्यांच्यावरून गढूळ पाणी सरकत होतं, अगदी गुपचूप. मी अक्काचा हात धरला आणि पायानं दगड चाचपत निघालो. काठाला लागेपर्यंत पाणी कमरेला आलं होतं. मागून येणारे दाजी दोनच दगड उतरले, त्यांचा गुडघा लचकला, आणि ते देवळाकडे माघारी फिरले.

त्यानंतर आम्ही घाटावर बसून पाणी नंदीच्या पाठीवर चढताना बघितलं. मग ते दारात शिरलं. दाजी कसेबसे सभामंडपाच्या छतावर चढले होते. अक्का रडली नाही. ती एकसारखी त्यांच्याकडे बघत पदर पिळत होती. घाटावर गर्दी जमली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, हे तिथंच कळलं. कुणी मोबाइल वर धरून उभे होते.

म्हातारीचे दोन लेक थर्माकोलच्या तराफ्यावरून गेले. तराफा दोनदा वाहवत खाली गेला, तिसऱ्या खेपेला खडकाला लागला. ऊन कलताना दाजी काठावर आले. ओठ निळे पडले होते. कितीतरी वेळ त्यांना आपलं नावही नीट सांगता येईना.

घरी आल्यावर अक्कानं विचारलं, "ती म्हातारी तुला बाजूला घेऊन काय म्हणत होती रे?"

"मासे घ्या म्हणत होती."

अक्कानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी जायच्या आधी ती म्हातारीला लुगडं देऊन आली. आता नात्यात कुठंही लग्नकार्य असलं की ती सांगते, धाकटा होता म्हणून मी वाचले. दाजी तेवढ्यापुरते उठून बाहेर जातात.

महिन्याभरानं मी म्हातारीकडे गेलो. ती मासे साफ करत होती.

"तुमच्या अक्कानं लुगडं देताना मला इचारलं," मान वर न करता ती म्हणाली.

"मग?"

"म्या पाण्याचं काय म्हणलं न्हाई, असं सांगितलं."

मला तिचे आभार मानता आले नाहीत. तिनं पाटीवर ओलं फडकं टाकलं आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.