पोडावरचं पाणी

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत मिशनचं मुलींचं वसतिगृह होतं, तिथे शकुबाई स्वयंपाक करायची. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने शेलाटी, बोलायला कमी. जन्माने कोलाम आदिवासी. ती लहान असतानाच तिची आई पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, सोडून शहरात आली, मिशनच्या आवारात झाडलोट करू लागली आणि मायलेकींनी तिथेच बाप्तिस्मा घेतला. पुढे लग्न झालं, नवरा गेला, मूलबाळ झालं नाही. आई होती तोवर दोघी चुलीपाशी कोलामीत बोलायच्या. आई गेल्यावर बोलायला कुणी उरलं नाही. भाजी निवडताना शकुबाई कधीकधी एकटीच पुटपुटायची, आणि मुली एकमेकींकडे बघून हसायच्या.

म्हणून मिशनची टीम गिरडपलीकडच्या पोडांवर जायला निघाली, की ही सगळ्यांच्या आधी जीपपाशी उभी. टीम म्हणजे काही मोठं लटांबर नव्हे. पास्टर प्रेमदास, डॉक्टर भावना, गाडी चालवणारा श्रावण आणि ही. पोडांवरच्या बाप्यांना मजुरीपायी मराठी येते, पण म्हाताऱ्या बाया आणि लेकरं दुखणं सांगतात ते कोलामीतच. डॉक्टर भावना छत्तीसगडच्या, त्यांचं मराठीच जेमतेम. मग कुठे दुखतं, कधीपासून दुखतं ते शकुबाईच्या तोंडून यायचं, आणि औषध कसं घ्यायचं तेही तिच्याच तोंडून जायचं. लोक गोळी गिळायचे ते डॉक्टरच्या नव्हे, तिच्या शब्दावर. पोडावरची तरणी पोरं तिला आत्या म्हणायची. परतताना तिच्या पदरात कुणी ना कुणी सीताफळं टाकायचंच.

दिवाळी होऊन गेल्यावरची ती फेरी. गिरडला चहाला थांबले, तेव्हा टपरीवाल्याने ग्लास ठेवता ठेवता विचारलं, "टेकडीमागच्या पोडावर चाल्ले का?"

"हो," पास्टर म्हणाले.

"आज नोका जाऊ."

"काऊन गा?" शकुबाईने विचारलं.

तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "मागच्या बारीले तुम्ही लोकायच्या डोळ्यात काही टाकलं म्हन्ते. तिकडचे मानसं तुमच्या गाडीची वाट पाहून राह्यले. चांगल्यासाठी नाई."

श्रावणने चहा अर्धाच ठेवला. पास्टर प्रेमदास म्हणाले, "कोणी आजारी असलं तर जावंच लागेल. आणि नसलं तरी आपलं तोंड दाखवावं लागेल." डॉक्टर आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या.

डांबरी रस्ता सुटला. दोन्ही अंगांना फुटलेला कापूस, मध्ये गाडीवाट. टेकडीला वळसा घातल्यावर वाटेत आडव्या टाकलेल्या बाभळीच्या फांद्या दिसल्या. वाऱ्याने पडलेल्या नव्हेत, कुणीतरी ओढून आणलेल्या. श्रावणने खाली उतरून त्या बाजूला केल्या, हाताला काटे लागले तरी चकार शब्द काढला नाही. एरवी इथपर्यंत गाडी आली की लेकरं ओरडत सामोरी यायची. आज एकही लेकरू आलं नाही. पोडाच्या तोंडाशी दोन कोंबड्या मरून पडल्या होत्या, आणि पुढे एक कुत्रं. तोंडाला वाळलेला फेस, वर माशा. शकुबाईने पदर नाकाला लावला.

मोहाच्या झाडाखाली पोडाचा नाईक रूपराव बसला होता. त्याच्याभोवती पाच-सहा बापे. तिघांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. नेहमी उठून पाणी पुढे करणारा रूपराव बसूनच राहिला.

"तू उतर," तो कोलामीत म्हणाला. "त्यायले गाडीतच राहू दे."

ती उतरली. रूपरावच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तोंडातून लाळ येत होती आणि तो ती धोतराच्या सोग्याने सारखी पुसत होता.

"तूच म्हनली होती, डोळे साफ होतीन. आम्ही तुह्या बोलण्यावर डोळ्यात थेंब टाकले. आता पाह्य. मले तुहं तोंड दिसत नाई. नुसता धूर दिसते. अर्धं पोड वांत्या करून राह्यलं. लखनची सोनू गेली परवा."

मागच्या फेरीला सोनू तिच्याच मांडीवर होती. डोळे चिकटले होते पोरीचे. थेंब घेताना ती हातपाय झाडत होती, तेव्हा शकुबाईनेच तिचं डोकं घट्ट धरलं होतं. "झालं वं, झालं," म्हणत. बाटलीत दुसरंच काही होतं की काय? डॉक्टरची चूक झाली की काय? आपल्याच हाताने आपण पोरीला मारलं की काय?

मागे गाडीचं दार वाजलं. डॉक्टर भावना बॅग घेऊन खाली उतरल्या होत्या. एका पोराने कुऱ्हाड खांद्यावर घेतली.

शकुबाई मध्ये आली. "तिले आधी पाहू द्या," ती म्हणाली. "मंग जे करायचं ते करा. मी कुठी जात नाई. ही बसली." आणि ती खरंच त्या बाप्यांच्या मधोमध मातीत बसली.

रूपरावने हात हलवला. पोरगा थांबला.

डॉक्टरांनी रूपरावच्या डोळ्यात टॉर्च धरला. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. दुसऱ्याचं पाहिलं, तिसऱ्याचं पाहिलं, घराघरांतून बायांचं पाहिलं. सगळीकडे तेच. घाम, लाळ, दंडाची थरथरणारी चामडी. त्यांचा चेहरा उतरत गेला. "फवारणी कौन कौन करता है?" त्यांनी विचारलं. शकुबाईने विचारून सांगितलं, दोघंतिघंच. बाया तर गेल्याच नाहीत, म्हाताऱ्या तर घरातून हललेल्या नाहीत.

"पानी कहाँ से पीते हैं?"

शकुबाईने विचारताच चार हात एकदम एकाच दिशेला गेले. हापशी बिघडून पंधरवडा झाला होता. लखनच्या घरापुढे, कडुलिंबाच्या सावलीत, एक मोठा निळा ड्रम उभा होता. लखन ज्या शेतमालकाकडे कामाला होता त्याच्या शेतावरून त्याने तो आणला होता. मालकाची बैलगाडी मागून तो विहिरीवरून रोज ड्रम भरून आणायचा, अख्ख्या पोडासाठी. बायांची पायपीट वाचली होती. सगळ्यांनी त्याला दुवा दिला होता.

डॉक्टर ड्रमपाशी गेल्या, वाकल्या, आणि उग्र वासाने लगेच मागे सरल्या. शेतावर त्याच ड्रमात कपाशीवर फवारायचं विषारी औषध कालवत असत. आतून काठाला अजून पांढरट थर चिकटलेला होता.

"शकुबाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ये पानी किसी को मत पीने देना. जहर है इसमें."

पास्टर फोनला रेंज मिळते का ते बघायला टेकडीवर धावले, ॲम्ब्युलन्स बोलवायला. डॉक्टरांनी जवळची मोजकी इंजेक्शनं जास्त अत्यवस्थ असलेल्यांना द्यायला सुरुवात केली. आणि शकुबाईने रूपरावच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. सांगताना, पोरगी आपल्या हाताने गेली नाही म्हणून तिला क्षणभर हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच तिला लाज वाटली.

रूपरावने सोग्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "लखनले सांगू नोको."

"मंग काय सांगू?"

"ड्रम आम्ही गुपचूप फोडून टाकू. दोष तुमच्या थेंबावरच राहू दे. तुम्ही गाडीत बसून जासान. त्याले इथंच राहाचं हाय. बायकोसमोर, साऱ्यायसमोर."

हे बोलताना तो रागात नव्हता. मोठ्या माणसाने घरातली गोष्ट समजावून सांगावी तसं सांगत होता, आणि त्यामुळे शकुबाईला जास्त भीती वाटली. कारण त्याचं बोलणं तिला पटत होतं. थेंबाचा दोष ती घेऊ शकत होती. मार खायची तिची तयारी होती. पण मग हे लोक पुढे कुणाकडूनच औषध घेणार नव्हते. आणि लखन दुसरा ड्रम आणेल, दुसऱ्या शेतावरून. प्रेमाने आणेल.

ती लखनच्या घराकडे गेली. तो ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. बायको काजल त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. कोपऱ्यात पोरीचा फ्रॉक तसाच लटकत होता.

"आत्या," तो म्हणाला, "थेंबानं गेली का माही सोनू?"

"नाई."

"मंग?"

शकुबाई त्याच्याजवळ बसली. त्याचा हात हातात घेतला. हात घामाने ओला होता. "पान्यानं, बापा. ड्रमात फवारनीचं जहर होतं."

"म्या धुतला होता थो. राखेनं धुतला होता."

"धुतल्यानं नाई जात थे. तुले कोनी सांगितलं नव्हतं. ज्याचा ड्रम होता त्यानं सांगायले पायजे होतं."

"तिले तहान लागली का मीच देत होतो," लखन म्हणाला. "माह्या हातानं. थे म्हने, बा, वास येते. मी म्हनलं, पे, काई होत नाई."

काजलने त्याच्या कपाळावरचा हात काढून घेतला. भांडली नाही, रडली नाही. नुसता हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

लखन उठला. झोकांड्या खात ड्रमपाशी गेला आणि त्याने ड्रमला खांदा लावला. भरलेला ड्रम हलेना. तेव्हा शकुबाईने दुसऱ्या बाजूने जोर लावला, मागून एक कुऱ्हाडवाला पोरगाही आला. ड्रम आडवा झाला. पाणी अंगणभर पसरलं, आणि बाया लेकरांना उचलून ओट्यावर चढल्या, जणू पाण्याला पाय लागला तरी जीव जाईल.

ॲम्ब्युलन्स आली, जीपनेही फेऱ्या केल्या. वर्ध्याच्या दवाखान्यात दाखल केलेले सगळे वाचले, लखनसुद्धा. पोलीस येऊन विचारपूस करून गेले. मालक म्हणाला, मी ड्रम फेकला होता, यानेच उचलून नेला. तिथेच ते प्रकरण थांबलं. पास्टर प्रेमदासांनी पंचायत समितीत खेटे घालून हापशी तेवढी दुरुस्त करून घेतली.

पुढच्या फेरीला जीप पोडावर गेली तेव्हा वाट मोकळी होती. रूपराव उठून उभा राहिला, त्याने पाणी पुढे केलं, "बसा," म्हणाला. मराठीत. शकुबाईने कोलामीत विचारलं, "डोळे कसे हायेत?" "बरे हायेत," त्याने परत मराठीतच उत्तर दिलं. बायाही तशाच. गोळ्या घेतल्या, पण थेंब कुणी घेतले नाहीत. लखनच्या घराला बाहेरून कडी होती.

"तू खरं बोलली," निघताना रूपराव म्हणाला. "मी नाई म्हनत नाई. पन दवाखान्यातून आल्यावर बाया त्याच्या हातचं काई घेत नव्हत्या. एक दिवस दोघं निघून गेले. मिरच्या तोडाले गेले म्हन्ते, तेलंगणात. गाव कोनाले माहीत नाई."

शकुबाई जाईल त्या पोडावर विचारत राहिली. मजुरांच्या टोळ्या घेऊन जाणाऱ्या मुकादमांना विचारलं. कुणी म्हणे, दिसले होते. कुणी म्हणे, ते दुसरेच कुणी.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी वसतिगृहाच्या फोनवर तिच्यासाठी फोन आला. काजल होती. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आपण कसे आहोत, कुठे आहोत, यातलं तिने काहीच सांगितलं नाही.

"आत्या, थो पानी पेत नाई," ती म्हणाली. "हंडा हुंगते, गिलास हुंगते, अन् ठेवून देते. व्हट फाटले त्याचे. एवढ्या उन्हात काम करते. मी काय करू?"

"तू आधी पे," शकुबाई म्हणाली. "त्याच्यासमोर. त्याच गिलासातून."

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला.

"मले नाई होत. त्याच्या गिलासाले तोंड लावाले गेली का सोनू दिसते," काजल म्हणाली, आणि फोन कटला.

शकुबाईने त्या नंबरवर परत लावला. संध्याकाळी लावला, दुसऱ्या दिवशीही लावला. तो बंद होता.