दीपगृहाची मागची बाजू

आमच्या बाबांनी आयुष्यभर दहा-दहा फुटी डोळे रंगवले. म्हणजे नट्यांचे. सिनेमाचे भलेमोठे बॅनर रंगवणं हा त्यांचा धंदा. थिएटरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कापड ताणलेलं असायचं. वीतभर फोटोवर पेन्सिलीनं चौकटी मारायच्या, तेवढ्याच चौकटी खडूनं कापडावर मारायच्या आणि शिडीवर चढून एकेक चौकट भरत जायचं. लांबून बघाल तर नटी डोळ्यांत पाणी आणून उभी, जवळ जाल तर नुसते निळे-तपकिरी फराटे. सगळा गाव त्यांना पेंटर म्हणायचा. रागावली की आईसुद्धा म्हणायची, "अहो पेंटर, जेवायला या!"

मी सोळा वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा आतला पडदा झिजतोय, इलाज नाही, फार तर वर्षभर दिसेल. बाबा घरी आले, गुपचूप जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "मला ते दीपगृह बघायचंय."

ते दीपगृह म्हणजे त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या बॅनरवरचं. फोटो काळा-पांढरा आला होता. पांढरं आभाळ, त्यावर पांढरं दीपगृह, काही केल्या उठून दिसेना. बाबांनी सरळ त्याच्यावर लाल पट्टे ओढले. थिएटरचा मालक आधी भडकला, मग गर्दी बघून गप्प बसला. गावोगावच्या पेंटरांनी तेच उचललं, छापील पोस्टरांवरही तेच आलं. बाबांच्या मनाला मात्र ते लागून राहिलं. म्हणायचे, "खरं पांढरं होतं. मी त्याची वाट लावली. एकदा जाऊन बघायला हवं."

"लोक म्हणतात देवदर्शनाला चला. आमच्या ह्यांना दीपगृह बघायचंय!" आई म्हणाली, आणि तिनं लगेच मामाला फोन लावला.

मामा म्हणजे पक्का सिनेमावेडा. हिशेबात कच्चा, पण कुठल्या सिनेमात कोण कुठे रडलं ते पाठ. त्याच्या गाडीचा हॉर्न सोडून बाकी सगळं वाजायचं. "भावोजी, जातोच आहोत तर सगळंच बघू या," म्हणत त्यानं वाटेतली सिनेमाची ठिकाणंही जोडून टाकली.

पहिला बंगला. ज्याच्या जिन्यावरून नटी पदर सावरत उतरायची तो. तिकीट काढून आत गेलो तर बाबा पुढून न बघता तडक मागे. मागे काय? बांबूंचे टेकू, ताडपत्री आणि रखवालदाराचे वाळत घातलेले कपडे. बाबा पोट धरून हसले. "अरे, हा तर माझाच धंदा! पुढून बंगला, मागून बांबू." आईला मात्र तिकिटाचे पैसे पाण्यात गेल्याचं वाईट वाटलं.

मग ते हॉटेल, जिथे नायक बाकावर बसून पावसात भिजतो. बाकाला साखळी लावलेली. मामा साखळी ओलांडून बसला आणि त्यानं अख्खा संवाद म्हटला, तोही रडून. मी गाडीत खाली वाकून बसले. असला मामा कुणाला देऊ नये! शेवटी हॉटेलवाला म्हणाला, "उठा साहेब, मोडेल. आधीचे दोन असेच मोडले." म्हणजे तो बाकही खरा नव्हता. बाबा हसले, पण आता जरा कमी. गाडीत बसताना त्यांनी दोनदा डोळे चोळले ते मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी वळण घेतलं आणि मामा ओरडला, "आलं! आलं!"

समोर दीपगृह. पांढरं, आणि त्यावर रुंद लाल पट्टे.

तिकीटवाल्याला मामानं विचारलं, तर तो म्हणाला, "हे बंदच पडलं होतं हो. लोक यायचे नि भांडायचे, हे ते नव्हेच, पोस्टरवर लाल पट्टे आहेत. मग घेतलं रंगवून. आता बघा कशी रांग लागते!"

"अहो, ते पट्टे आमच्या भावो..." मामा सुरू झाला. बाबांनी त्याचा दंड धरला. "गप. एक शब्द बोलू नकोस."

ते कठड्यावर बसले. मला आधी वाटलं, आनंद झाला असेल. कुठल्या बापाचं चित्र असं समुद्रकाठी उभं राहतं? पण त्यांचा चेहरा पडला होता. म्हणाले, "जन्मभर फोटोवरून काढलं. एकदा खरं बघावं म्हटलं, तर इथेही मीच." मला इतका राग आला त्या तिकीटवाल्याचा, त्या लोकांचा, त्या रंगाच्या डब्यांचा! आणि रडूही आलं.

आई तेवढ्यात आडोसा शोधत दीपगृहाच्या मागे गेली होती. तिच्या गुडघ्यांना खडक सोसत नव्हते, पण गरज ती गरज. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा. "अहो पेंटर! इकडे या! तुमचं ते इकडे उभं आहे!"

मामानं आणि मी बाबांना धरून खडकांवरून नेलं. समुद्राच्या बाजूला एकही पट्टा नव्हता. पर्यटक रस्त्यानं येतात, समुद्राकडून कोण बघतंय? म्हणून कंत्राटदारानं अर्धंच रंगवून काम संपवलं होतं. इकडे पांढरंच. चुना पोपडे सुटलेला, कुठे पिवळट, खाली शेवाळ, आणि मागे तसंच पांढरं आभाळ.

बाबा भिंतीला हात लावून उभे राहिले. मग मागे सरकत सरकत, बॅनर बघताना सरकायचे तसे, लांब गेले. ऊन उतरेपर्यंत कुणी त्यांना हलवलं नाही. एवढंच म्हणाले, "हे मला जमलं नसतं."

त्यांचे डोळे त्या वर्षातच गेले. मामानं तिथे काढलेला फोटो अजून आमच्या बैठकीत आहे. पाहुणे विचारतात, "ही कुठली हो भिंत?" आई म्हणते, "आमच्या ह्यांची."

शेवटच्या आजारपणात बाबा पांघरुणावर बोट फिरवत पडलेले असायचे. उभं, आडवं, उभं, आडवं. एकदा आईनं विचारलं, "काय चाललंय?"

"चौकटी मारतोय," ते म्हणाले. "मागची बाजू काढायची राहिलीय."