निशाच्या घारी

निशा कामावरून आली की तिची आई प्रभावती आधी तिचे डोळे बघायची. हातावर ओरखडे असायचेच, त्यांची आता सवय झाली होती. पण घारीचं नख एखाद्या दिवशी वर चेहऱ्याकडे गेलं तर? कणीक मळताना, कपडे वाळत घालताना हा विचार डोक्यात येऊन बसायचा, तो काही केल्या हलायचा नाही.

सुरतेत हजीऱ्याच्या रस्त्यावर एक पक्षी केंद्र आहे. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीत, मांज्याने पंख कापलेले शिकारी पक्षी तिथे आणतात. बरे होतात त्यांना सोडून देतात. ज्यांना पुन्हा उडता येत नाही ते तिथेच राहतात आणि शाळांच्या सहली त्यांना बघायला येतात. या पक्ष्यांचं सगळं निशाकडे. सकाळी एकेकाला वजनकाट्यावर उभं करायचं, मांस कापून भरवायचं, पिंजरे धुवायचे, आणि मग जाड चामडी हातमोजा चढवून घार मुठीवर घेऊन लोकांसमोर उभं राहायचं. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलीने हे काम हट्टाने मिळवलं होतं. ते राहायचे त्या डिंडोलीतल्या बायका चिडवायच्या, "बाप पोपट, मग पोरगी घारीच सांभाळणार!" निशाचे वडील पोपटराव लूमच्या कारखान्यातून येताना हे ऐकायचे आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसायचे. प्रभावतीला मात्र हसू यायचं नाही.

अशात निशाला स्थळ आलं. मुलगा किरण, कारखान्यात नोकरीला, घर चलथाणला. मध्यस्थी शेजारच्या पुष्पाबाईंची. मुलगी घारी सांभाळते, एवढंच त्यांनी तिकडे कळवलं होतं. मग मुलाच्या आईचा, सुषमाताईंचा, फोन आला.

"जय भीम, प्रभाताई! निशा घारीचं काम बघते म्हणे. आमच्याकडे चंदी पडव्याच्या सणाला घारीशिवाय कुणी जेवत नाही हो! कुठलं दुकान?"

प्रभावतीच्या लक्षात यायला जरा वेळच लागला. सगळा जन्म सुरतेत गेलेल्या सुषमाताईंना घारी म्हटल्यावर तुपात घोळलेली माव्याची मिठाई आठवली होती. पंख, चोच, नखं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. 'अहो ताई, तसं नाही,' हे अगदी ओठांवर आलं, पण बाहेर पडलं भलतंच.

"मोठं ठिकाण आहे. लांबून लांबून माणसं येतात."

"मग रविवारी येतोच आम्ही. तिला म्हणावं, घरी काही आणू नकोस. पेढे आमच्याकडून!"

निशाला हे कळलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली. "आई, एक किलो पॅक करून देऊ का त्यांना?" मग तिचं हसू थांबलं. "म्हणजे तू सांगितलंच नाहीस?"

"ठरल्यावर सांगू की. तू कशी आहेस ते आधी बघू दे त्यांना."

"मी कशी आहे ते तू तरी बघितलंयस? कामाला लागल्यापासून एकदा आलीस का तिथे?"

शनिवारी प्रभावती गेली.

केंद्रात एका शाळेच्या मुली आल्या होत्या. निशाच्या मुठीवर घार बसली होती. तिचा डावा पंख अर्धाच. निशा मुलींशी गुजरातीत बोलत होती आणि मागे उभ्या असलेल्या पाहुण्यांना तेच हिंदीत सांगत होती. एका चिमुरडीने विचारलं, ही परत उडेल ना? प्रभावतीला वाटलं, लहान पोर आहे, निशा हो म्हणून मोकळी होईल.

"नाही," निशा म्हणाली. "कधीच नाही. तुम्हीही पतंग उडवता ना? मग दोरा कुठला घ्यायचा ते आता तुम्ही ठरवा."

तेवढ्यात कुणाची तरी स्टीलची बाटली फरशीवर आदळली. घार दचकून मुठीवरून कोसळली आणि पायातल्या पट्ट्यांना उलटी लटकून पंख आपटू लागली. प्रभावतीने कठडा गच्च धरला. निशा जागची हलली नाही. चेहरा बाजूला वळवून तिने दुसरा हात घारीच्या पाठीखाली घातला, तिला अलगद वर बसवलं आणि पुटपुटली, "उगी ऱ्हाय ना माय. मी शे ना."

प्रभावती ऐकतच राहिली. घरात अहिराणीत विचारलं तर गुजरातीत उत्तर देणारी ही पोरगी! लहानपणी तापाने फणफणली की प्रभावती तिला याच शब्दांनी थोपटायची. घारीने अंग झाडलं, पिसं सारखी केली आणि ताठ बसली. निशाने बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली, "जबरी छोकरी छे."

"मारी छे," प्रभावती म्हणाली. माझी आहे, हे जरा मोठ्यानेच म्हणाली.

घरी आल्यावर तिने पोपटरावांना सांगून टाकलं, उद्या पाहुणे घरी नकोत, केंद्रावरच येऊ देत.

"आणि घार बघून त्यांनी नको म्हटलं तर?" पोपटरावांनी विचारलं.

"तर नको म्हणतील. अहो, तिला बघायचं तर हातमोज्यासकट बघा. मी काही ती वेगळी करून दाखवणार नाही."

पोपटराव म्हणाले, "माझं नाव सांगू नकोस म्हणजे झालं. आधीच घारी, त्यात पोपट!"

या वेळी प्रभावतीही हसली. हसत हसतच ती चष्मा शोधायला उठली. सुषमाताईंना आत्ताच गाठायला हवं होतं. एकदा का त्या स्वयंपाकाला लागल्या की फोन उचलत नाहीत, असं पुष्पाबाई म्हणाल्या होत्या.