दाणा संपल्याचा आवाज

इकडे ये वं, जवळ बस. किती वेळा सांगितलं, चप्पल फरफटत चालू नको. तुझ्या डाव्या चपलेचा पट्टा तुटून दोन महिने झाले. तू कोपऱ्यावरच्या नळापाशी आलीस की मला इथे चुलीजवळ कळतं. माझी नात आहेस म्हणून ऐकून घेते. हे असं ओळखणं मी माझ्या वडिलांकडून शिकले, आणि ते शिकले इंजिनांकडून.

आमचं गाव नरखेडकडचं. संत्र्याच्या बागा आणि प्रत्येक विहिरीवर एक इंजिन. सकाळी सगळी सुरू झाली की परक्या माणसाला नुसता गोंगाट वाटे. बाबा अंगणात दात घासताना सांगत, हे पाटलाचं, हे मामाचं, हे कालपासून बिघडलेलं. विहिरीचं पाणी खाली गेलं की पंप हवा घेतो, इंजिनावरचा भार जातो आणि ते मोकाट पळू लागतं. मग बंद करायला धावावं लागतं, नाहीतर पंपाचं नुकसान. बाबा तोंडात राखुंडी तशीच ठेवून धावत. विहीर दुसऱ्याची असली तरी धावत.

त्यांचा एक डोळा हयगयीत गेला. दुसऱ्यात मोतीबिंदू आला तेव्हा मी त्यांना नागपूरला आणलं. वीसेक वर्षं झाली असतील. ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून घरी पाठवलं. आठ दिवस उताणं पडायचं, उठायचं नाही, मान हलवायची नाही. टाका सुटला तर हाही डोळा गेला. हे त्यांनी मला सांगितलं. बाबांना सांगून उपयोग नाही हे त्यांच्या तीन दिवसांत लक्षात आलं होतं.

आमच्या दोन खोल्या मिलकामगारांच्या वस्तीत, समोर पिठाची चक्की. पहिल्या सकाळी मिलचा भोंगा झाला.

"कोण बोंबलून राह्यलं?"

"मिल आहे बाबा."

"तिले काय झालं?"

"काही नाही. तुमच्या जावयाले बोलावते."

"मंग तो जात काहून नाही?"

"ते कधीचे गेले."

भोंग्याचं तेवढ्यावर भागलं. दुपारी मात्र चक्की एकदम मोकाट पळू लागली. तेव्हा ती डिझेलच्या इंजिनावर चाले. "हवा घेतली! बंद करा!" असं ओरडत बाबा कोपरावर उठायला लागले. मी हातातली पोळी टाकून त्यांचे खांदे दाबून धरले. जन्मात पहिल्यांदा बापाला आडवं केलं.

"बाबा, ते विहिरीवरचं नाही, चक्कीचं आहे. दाणा संपला का असं पळते."

बाबांनी पडल्या पडल्या कान दिला. मग म्हणाले, "मंग दाणा टाकत काहून नाहीत? दगडावर दगड घासून राह्यला."

खरंच घासत होता. चक्कीवाला शेजारच्या पानठेल्यावर उभा असे. आमच्या सगळ्या गल्लीच्या पोळीत कचकच होती आणि इतकी वर्षं आम्ही गव्हाला दोष देत होतो.

पण कारण कळलं म्हणून बाबा थोडेच पडून राहणार? दिवसातून दहा-बारा वेळा दाणा संपे. मी चक्कीवाल्याकडे गेले.

"भाऊ, पानठेला सोडा. माह्या बाबांचा डोळा जाईन."

"दिवसभर या पिठात उभं राहून पाहा वहिनी, मंग सांगा."

पानठेला तो सोडणार नव्हता. मग असं ठरलं की बाबा ऐकतील, मी खिडकीत थाळी वाजवीन आणि तो येऊन दाणा टाकेल. बाबांना मी एकच अट घातली. उठलात तर हे काम दुसऱ्याला.

त्या दिवसापासून बाबा लाकडासारखे पडून राहिले. नुसतं "थाळी!" म्हणत. पुढे पुढे तर दाणा संपायच्या आधीच कळे. "थाळी घे वं, आवाज पातळ झाला." आमच्याकडे मूल झालं की थाळी वाजवतात. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "दिवसातून बारा वेळा कोण बाळंत होऊन राह्यलं वं तुमच्या घरी?" मी म्हटलं, आमचे बाबा. पोळीतली कचकच गेली तेव्हा तिनेही विचारणं सोडलं.

आठव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी डोळ्यासमोर बोटं धरली. "किती?"

"दोन. आन् नखं काढा जरा."

घरी न येता बाबा आधी चक्कीत गेले. इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "एवढंसंच?"

चक्कीवाला म्हणाला, "काकाजी, उद्यापासून मले कोण सांगन?"

"तुले कान नाहीत का गा?"

दुसऱ्या दिवशी एसटीने ते गावी गेले. चार दिवसांत कचकच परत आली. मी एकदा थाळी वाजवून पाहिली. चक्कीवाला पान थुंकून धावत आला, तर चक्कीवरचा डबा दाण्याने भरलेला. तेवढा कान काही मला नाही.

आता माझ्या डोळ्याचीही तारीख मिळाली आहे. पट्टी बांधून पडायचं. चक्की विजेवर गेली, दाणा असो नसो ती एकाच सुरात चालते. ऐकायला काही नसलं तर मी पडून राहणार नाही, हे मी डॉक्टरांना सांगूनच आले. ते म्हणाले, तुमच्या घरचं कोणी आहे का?

तू आज संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला जाशील. जा. पण पट्टी असेल त्या दिवसांत एकदा ये. नळापाशी तू आलीस हे मला कळलं पाहिजे, तेवढ्यासाठी मी उताणी पडून राहीन. चप्पल मात्र तोवर शिवू नको. लवकर ये वं.