सीलबंद पाकीट

फरीदाबादहून ऑफिसला जाताना मेट्रोच्या लेडीज डब्यात ती रोज भेटायची. नाव मी कधी विचारलं नाही. बसली की आधी सॅनिटायझर काढायची आणि बोटांच्या बेचक्यांतून पार मनगटापर्यंत सावकाश चोळायची. एकदा न राहवून मी विचारलंच, "नर्स हो क्या?"

"नेपाल में थी. यहाँ अस्पताल के बिलिंग काउंटर पर हूँ."

लग्न होऊन ती इकडे आली होती. इथलं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय पेशंटला हात लावायची सोय नाही, आणि त्यासाठी तिच्या कॉलेजचा दाखला सीलबंद पाकिटात हवा. ते फोडायचं फक्त रजिस्ट्रेशनवाल्यांनी. महिनोन् महिने फोन केल्यावर एकदाचं पाकीट घरी आलं, तेव्हा ती ड्यूटीवर होती. सासूने कौतुकाने ते फोडलं, लग्नपत्रिकेला लावतात तशी दाखल्याच्या कोपऱ्यांना हळद लावली आणि देवापुढे ठेवलं. रजिस्ट्रेशनच्या काउंटरवरून ते अर्थातच परत आलं.

मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. "सास को कुछ बोला नहीं?"

"क्या बोलती? उस घर में पहली बार किसी बहू के नाम कुछ आया था."

पुन्हा तेच फोन, त्याच विनवण्या. परवा भेटली तेव्हा मांडीवर नवं पाकीट होतं. सील शाबूत, चारही कोपऱ्यांना हळद.

"इस बार बाहर से," ती हसून म्हणाली.

त्या दिवशी तिने सॅनिटायझर काढलं नाही. ओल्या बोटांनी हळद पुसली गेली असती.