वरच्याचा फोन

नदीकाठच्या त्या गावात तिला सगळे 'भोंगाबाई' म्हणायचे. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण त्यामागची हकिकत चेष्टेची नव्हती.

तिचं काम तसं साधं. पुलाच्या खांबावर रंगवलेल्या मोजपट्टीवर दर तासाला पाणी बघायचं, वहीत लिहायचं, शहरातल्या मुख्य कचेरीला कळवायचं. तिची कचेरी म्हणजे पुलाशेजारची पत्र्याची खोली. टेबल, फोन आणि भिंतीवर लाल झाकणाचा डबा. डब्यात भोंग्याचं बटण.

नदी शेजारच्या देशातून, डोंगरावरून यायची. तिथं वर बर्फ वितळून तळं साचलं होतं आणि दर वर्षी ते फुगतच चाललं होतं. एका दुपारी त्याचा काठ ढासळला आणि खाली कुणाला काही कळायच्या आत नदीलगतची अख्खी आळी वाहून गेली. तिचे वडील त्यातच गेले. त्यानंतर दूरच्या चार देशांनी मदत केली, दोन्ही शेजाऱ्यांनी करारावर सह्या केल्या, तळ्यावर यंत्रं बसली आणि तळ्यातल्या पाण्याचा आकडा रोज सकाळ-संध्याकाळ खाली येऊ लागला.

काम शिकवायला दोन्हीकडच्या माणसांना तिसऱ्याच देशात आठ दिवस नेलं होतं. तिथं तिला तळ्यावरचा निरीक्षक भेटला. उंच, किडकिडीत, थंडीनं गाल फुटलेले. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. शिकवणाऱ्यांची भाषा मोडकीतोडकी बोलून निभावून नेलं. तिच्या बोलीतला एकच शब्द त्यानं हट्टानं पाठ केला, 'ताई'. घरी ती त्याला 'वरचा' म्हणायची. तिचा नवरा शिंपी, पण जीभ कात्रीहून धारदार. "आमच्या हिचं थेट वरच्याशी बोलणं असतं," असं गिऱ्हाइकांना सांगून हसायचा.

दुसऱ्याच वर्षी यंत्रात गाळ अडकला, भलताच आकडा आला आणि तिनं भोंगा वाजवला. सगळं गाव टेकडीवर पळालं. पाणी आलंच नाही. पळापळीत शाळेचा म्हातारा शिपाई पडला, त्याचं खुब्याचं हाड मोडलं, तो अंथरुणावरून पुन्हा उठला नाही. लोक तिला 'भोंगाबाई' म्हणू लागले ते तेव्हापासून. तिला मात्र नदीपेक्षा त्या लाल डब्याचीच धास्ती जास्त वाटायला लागली. झाकणावरची धूळ पुसायचंसुद्धा ती टाळायची.

पुढे दोन्ही देशांचं सीमेवरून फाटलं. करार गुंडाळून ठेवला गेला, आकडे बंद झाले. वहीतला वरच्या आकड्याचा रकाना रिकामा राहू लागला. अठरा दिवस तो तसाच होता. ऊन तर असं पडलेलं की पुलाच्या कठड्याला हात लावू नये.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी अकराला तिचा स्वतःचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर.

"ताई," पलीकडून धापा टाकत आवाज आला. "तळं फुटलं. चार तास, फार तर पाच. आम्हाला फोन करायला बंदी आहे. माझा नंबर पुसून टाक."

ती काही विचारणार तोच फोन बंद झाला.

ती तशीच उठली. बाहेर येऊन बघितलं तर नदी शांत. उलट कालच्यापेक्षा दोन बोटं कमीच. खाली दोन बायका चादरी पिळत होत्या. तिनं मुख्य कचेरीला फोन लावला.

"वरून आकडा आलाय का?" साहेबांनी विचारलं.

"आकडा नाही, साहेब. पण खबर पक्की आहे."

"कुणी दिली?"

नाव सांगावं तर त्याच्या गळ्याला फास, न सांगावं तर इथं विश्वास कोण ठेवणार?

"बाई, मागचं विसरलात का? लेखी हुकूम आल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा नाही."

ती खुर्चीत बसली. पुन्हा खोटं ठरलं तर? पुन्हा कुणी पडलं तर? आणि खरं ठरलं तर? दहा मिनिटं गेली. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब दहा मिनिटं. मग तिनं झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

लोक दारात आले आणि हसू लागले. "भोंगाबाईला झोप लागली वाटतं बटणावर!" कुणीतरी ओरडलं. ती दारोदार धावली, हात जोडले, पाया पडली. शिंप्यानं तिचा चेहरा बघितला आणि एक शब्दही न बोलता दुकान तसंच उघडं टाकलं. सांधे धरलेल्या आईला पाठीवर घेतलं आणि टेकडीची वाट धरली. त्याला असा मुकाट जाताना बघून मात्र लोकांचं हसू आटलं. एकेक घर रिकामं होऊ लागलं.

चार तास झाले. पाच झाले. टेकडीवर कुजबुज वाढली. शिपायाची सून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "या वेळी कुणाचं हाड मोडणार, बाई?" काही जण सामान उचलून उतरायला निघाले. शिंप्याच्या आईनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

आधी वास आला, ओल्या चिखलाचा. मग वळणापलीकडून घरघर, जणू कुणी दगडांची रास ओततंय. उतरणारे जागच्या जागी थांबले. पाणी दिसलंच नाही. दिसली ती झाडं, दगड आणि चिखल यांची काळी भिंत. पूल काडीसारखा मोडला. पत्र्याची खोली क्षणभर तरंगली आणि नाहीशी झाली. चादरी आणायला माघारी गेलेली एक बाई तेवढी सापडली नाही. बाकी सगळे वाचले.

आठवड्याभरानं चौकशी बसली. तीन अधिकारी, एकच प्रश्न. "खबर कुणी दिली?"

"पाण्याचा रंग बदलला होता," ती म्हणाली.

"फोन कुणाचा आला होता?"

"कुणाचा नाही." तेच तिनं लिहूनही दिलं. नंबर तिनं केव्हाच पुसला होता.

वर्षानं करार पुन्हा सुरू झाला. नवी खोली बांधली, नदीत नव्या खांबावर मोजपट्टी रंगवली, नवं यंत्र आलं, दोन्हीकडून आकडे येऊ-जाऊ लागले. वरून येणाऱ्या आकड्याखाली नाव मात्र दुसऱ्याच कुणाचं असायचं. 'वरचा' बदलून गेला, पकडला गेला की त्या दिवशी पाण्यानंच नेला, कळायला मार्ग नव्हता. विचारावं तर विचारण्यातूनच कुणाला माग लागायचा. एकदा तिनं नव्या निरीक्षकाला मोबाईलवर लिहायला घेतलं, 'तुमच्या आधी इथं जे होते ते...' इथवर येऊन बोट थांबलं. एकेक अक्षर तिनं पुसून टाकलं. मग फक्त त्या तासाचा आकडा पाठवला आणि मोजपट्टी बघायला बाहेर पडली.