मौन चालू असताना आलेला फोन

या घटनेचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी तेव्हा लातूरला हवालदार होते. गल्लोगल्ली कोचिंग क्लासच्या पाट्या लागत होत्या. अशाच एका क्लासच्या मालकाचा ठाण्यात अर्ज आला. त्याला सगळे मोठे सर म्हणत. कुणीतरी खास बॅचच्या निवड परीक्षेचे गुण संगणकात बदलून एका पुढाऱ्याचा मुलगा वर आणला होता. पालक भांडायला आले, तेव्हा सरांनी काउंटरवरच्या मुलीकडे बोट दाखवलं. गुण बदलायचा अधिकार फक्त संगणकातल्या तिच्या खात्याला होता.

चौकशी माझ्याकडे आली. गुन्हा दाखल झाला असता तर तिची नोकरी गेलीच असती, ठरलेलं लग्नही मोडलं असतं.

मुलगी औशाकडची, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावातली. गुण बदलले त्या दिवशी ती रजेवर गावी होती. सरांनी फोन करून, खातं उघडायला मोबाईलवर येतो तो ओटीपी मागितला, तो मी सांगितला, असं ती रडत म्हणत होती. सर म्हणाले, फोन केला होता, पण कपाटाची किल्ली कुठं आहे ते विचारायला.

क्लासमधल्याच एका तरुण मास्तरानं मला चहाच्या गाड्यावर हळूच सांगितलं, "मॅडम, संगणकात कुणाच्या खात्याला काय अधिकार दिलेत ते बघा."

मी बघितलं. मास्तरांना फक्त गुण भरता येत होते. पगारावरच्या या पोरीला सगळे अधिकार. आणि मालकाला? नुसता बघायचा. तिचं खातं सरांनीच उघडलं होतं, तिच्या मोबाईल नंबरवर, "तुझ्यावर विश्वास आहे" म्हणून. गरज पडली की आतून ओरडायचे, ओटीपी सांग गं. ती सांगायची. स्वतःच्या दुकानात कुणी पाहुणा म्हणून राहत नाही. तिथंच मला संशय आला.

मी तिच्या गावी गेले. ती रजेवर होती तो भूकंपाचा स्मृतिदिन; त्या दिवशी तिथं स्मृतिस्तंभापुढं सगळं गाव मौन पाळतं. शेजारची म्हातारी अजून चिडलेली होती.

"आमी समदे गप उभं, अन् हिचा फोन वाजला. व्हय सर, व्हय सर करत आकडे सांगाया लागली. लई बोलले मी तिला. माजी दोन लेकरं त्या मातीत हायेत."

जबाब घेतला आणि सरांना बोलावलं. मला फार बोलता येत नाही. गप्प बसलेल्या बाईपुढं माणूस मात्र जास्त बोलतो. सर बराच वेळ किल्लीचंच सांगत राहिले.

मग मी विचारलं, "किल्लीला आकडे असतात का, सर?" आणि म्हातारीचा जबाब वाचून दाखवला.

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. म्हणाले, "ताई, गरिबाची पोर आहे. मी अर्ज मागे घेतो, मिटवून टाकू."

गरिबाची पोर आहे हे त्यांना तेव्हा आठवलं. आमचे साहेबही मिटवायच्या बाजूचे होते. मी अहवाल होता तसा लिहिला. निवड यादीत खाली ढकललेल्या मुलाच्या वडिलांनी फिर्याद दिली आणि गुन्हा सरांवर दाखल झाला. त्यांना जामीन लगेच मिळाला. क्लास आजही चालू आहे.

तेव्हापासून कुणी बाईला म्हणालं, हे तुझ्या नावावर करतो, की मी आधी विचारते, वापरणार कोण? वापर एकाचा आणि बदनामी दुसऱ्याची, अशी सोय करणारी माणसं फार गोड बोलतात.

पुढच्या वर्षी मी त्या स्तंभापाशी गेले होते. मौनाआधी त्या मुलीनं मोबाईल बंद केला आणि म्हातारीच्या हातात ठेवला.